लाडू जेवला

नेपरव्हिल
मंगळवार, १३ फेब्रुवारी २००७

चि. सौ. आश्लेषा हिस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. सकाळपासून बर्फ पडतो आहे, रस्ता आणि अंगण एक झालं आहे. अबोलीकडे तुझी सोय नीट लागली असेल. तिच्या आईला मी नागपूरपासून ओळखते. त्या घरात दुसरं काही नाही तरी चहा वेळेवर मिळतो.

तुझ्या त्या जनावराबद्दल लिहायला बसले आहे. फोन केला असता, पण बिलावरचे नंबर प्रसाद वाचतो.

पाळलेल्या सापाचं नाव लाडू ठेवणारी सून मला मिळेल, असं कोणत्याही ज्योतिष्याने सांगितलं नव्हतं. आश्लेषा हे सर्पांचंच नक्षत्र, तेव्हाच कळायला हवं होतं म्हणा. तू गेलीस एका पिशवीनिशी आणि हा अजगर माझ्या गळ्यात. शब्दशः नव्हे, अजून तरी नाही.

प्रसादने तुला फोनवर सांगितलं की तू गेल्यापासून लाडू खात नाही, मरायला टेकला आहे, चोवीस तारखेला ये, तिकीट पाठवतो. मी तिथेच मेथी निवडत होते. तू 'येते' म्हणालीस हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

तर ऐक. लाडू आज जेवला.

तो खात नव्हता हे खरं. मी वाचनालयातून पुस्तक आणलं. ही जात हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपाशी राहते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण अंगाखाली ऊब नसेल तर त्याला खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो तोंडही लावत नाही. मी त्याच्या काचपेटीखाली हात घालून पाहिला. फरशीसारखी गार. ऊब देणाऱ्या पट्टीची पिन कुणीतरी काढून ठेवलेली. मी लावली. सकाळी पुन्हा काढलेली. पुन्हा लावली. असं बरेच दिवस चाललं. मी लावायची, तो काढायचा, आणि जेवताना आम्ही हवामानावर बोलायचो.

शेवटी मी विचारलं, "प्रसाद, ती पिन तू काढतोस?"

"आई, तू त्यात पडू नकोस. प्लीज."

"अरे, मरेल तो."

"नाही मरत. आश्लेषा आली की लावू."

"आणि ती आली की?"

"मग राहील." आणि त्याच सुरात, "वरण वाढ थोडं."

तेव्हापासून मी शहाणी झाले. तो ऑफिसला गेला की पिन लावायची, गॅरेजचं दार वाजलं की काढायची. या वयात स्वतःच्या मुलापासून चोरून सापाला शेक देते आहे.

पहिल्यांदा भरवायला गेले ते गेल्या आठवड्यात. फ्रीझरमधला उंदीर (माझ्या ओल्या खोबऱ्याशेजारी ठेवला होतास, ते मी विसरणार नाही) कोमट पाण्यात ठेवून गरम केला, सांडशीत धरून पुढे केला. ती सांडशी आता कायमची त्याची. लाडूची जीभ आधी लपलप चालली होती, ती थांबली. मान जराशी मागे आखडली. मला वाटलं, किती शांत आहे हा! पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की हा धावून शिकार करत नाही, दबा धरून बसतो, आणि अगदी निश्चल झाला की समजावं. पण मुख्याध्यापिकेला कोण शिकवणार? उंदीर निसटला, मी तो हाताने उचलायला गेले. हाताला उंदराचा वास, त्यात हात गरम. चावला. मनगटाला वळसाही घातला. गार पाण्याखाली धरल्यावर सोडलं. त्याला राग नव्हता गं, भूक होती.

मग त्या चाव्याकडे मी रोज पाहत होते. बोरीच्या काट्यांनी टोचावं तशी बारीक ठिपक्यांची एक कमान. थोडं रक्त आलं, दोन-तीन दिवसांत सुकलं. सूज नाही, काळंनिळं नाही. वळशाची खूणसुद्धा राहिली नाही.

दिवाळीत तुझं मनगट मी पाहिलं होतं. "लाडू चावला, आई," म्हणालीस, आणि मी तुला आणि सापाला दोघांनाही फैलावर घेतलं. हिरवेनिळे चार पट्टे होते, आणि आतल्या बाजूला एक.

सापाला बोटं नसतात, आश्लेषा.

मुक्या जनावरावर आळ घेतलास. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलायचंच असेल तर निदान अभ्यास करून बोला. तू तर प्राणिशास्त्र शिकलेली. चावा कसा दिसतो ते मला ठाऊक नसेल, यावर विसंबलीस ना? की बोटांचे वळ कसे दिसतात ते मला ठाऊक असेल, यावर?

प्रसाद कधी आवाज चढवत नाही. त्याचे वडीलही चढवत नसत. हे मी चारचौघांत कौतुकाने सांगत आले, आणि उन्हाळ्यातही लांब बाह्यांची पोलकी घालत आले.

आज सांडशी सोडली नाही. त्याने झडप घातली आणि मेलेल्या उंदराला आवळत बसला, जणू तो पळून जाणार होता. मग डोक्याकडून गिळला, जांभई दिली आणि पेटीतल्या ओंडक्याखाली गेला. पोटात फुगवटा दिसतो. दोन दिवस त्याला हलवायचं नाही, नाहीतर उलटून टाकील. तेवढे दिवस प्रसादने ओंडका उचलू नये, इतकंच. पत्र अर्धवट ठेवते.

शुक्रवार

प्रसादने ओंडका उचलला नाही.

काल सकाळी लाडूला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि ऊब राहावी म्हणून कोटाच्या आत पोटाशी धरून टॅक्सीने निघाले. टॅक्सीवाल्याने विचारलं, "बेबी?" मी म्हटलं, "ग्रँडसन." तू उंदीर आणायचीस त्याच दुकानात तो आहे. मालक म्हणाला, तू किंवा तुझं माणूस नेईपर्यंत सांभाळतो.

संध्याकाळी प्रसाद रिकाम्या पेटीपाशी उभा.

"आई, लाडू कुठाय?"

"झाकण नीट लागलं नव्हतं वाटतं."

"म्हणजे घरात सुटलाय?"

"असेल. भुकेला आहे, तूच म्हणाला होतास."

त्याने सोफ्यावर बसून पाय वर घेतले, मग सोफ्याखाली बॅटरी मारली, गाद्या उलथल्या. मग सगळं थांबवून माझ्यासमोर येऊन बसला. हलला नाही. मान जराशी मागे. ते आता मला ओळखता येतं. मी उठून वरण वाढलं. तो जेवला नाही.

माझं तिकीट एप्रिलचं आहे. तोवर मी इथेच राहीन. त्याची आई आहे, त्याच्यासमोर कुणीतरी बसायला हवं. माझ्या खोलीला आतून कडी आहे.

सोबत तुझा पासपोर्ट आहे. लग्नातल्या शेरवानीच्या घडीत होता. आता या घरात तुझं काही राहिलेलं नाही, तेव्हा यायला कारणही उरलं नाही. चोवीसला येऊ नकोस. तो कितीही गोड बोलला, रडला, मी आजारी आहे म्हणाला, तरी येऊ नकोस.

वर सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं. ते ठेवायचं की खोडायचं, तू ठरव.

हे पत्र फाडू नकोस. वकिलाला दाखवावं लागलं तर दाखव. तुझ्या मनगटाचं जे लिहिलं आहे ते मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि कुठेही उभी राहून सांगेन. एरवी मी खाली 'आई' लिहिते. पण मग कुणाची आई, असं कुणी विचारील. म्हणून पूर्ण नाव.

सुहासिनी मोरेश्वर देवपुजारी
निवृत्त मुख्याध्यापिका, नागपूर