दगडाबाईचे गुडघे

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चि. चारुतास,
अनेक आशीर्वाद. मिहिरला एक पापा उजव्या गालावर, दोन डाव्या.

रोज फोन होत असताना आईला पत्र कुठून सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच काही विचारतेस आणि माझी आयती सुटका होते. कागद मध्ये बोलत नाही.

इकडे सगळं ठीक. बाबांची साखर आटोक्यात आहे, असं बाबा म्हणतात. सकाळी गारवा असतो. तुझी निळी शाल उन्हात टाकली होती, ती घडी करताना उगीच बराच वेळ मांडीवर घेऊन बसले.

माझा नवा उद्योग तुला अर्धाच सांगितला आहे. अंगणवाडीच्या सुरेखाताई दर शनिवारी आपल्या इमारतीच्या गच्चीवर बैठक घेतात. कुठल्या मुलाची वाढ अडते आहे, हे वेळेत कळावं म्हणून. लस टोचणारी नर्स येते, एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ येतात आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बायका येतात. सुरेखाताईंचं म्हणणं, डॉक्टरांना बाळ महिन्यातून एकदा दिसतं, या बायकांचे हात रोज लागतात. मान कधी धरावी, पालथं कधी पडावं, याचे तक्ते मी लिहिते. कॉन्व्हेंटचं अक्षर कुठेतरी उपयोगी पडलं म्हणायचं.

शाळेत माझ्या ख्रिश्चन मैत्रिणी फादरपुढे चुका कबूल करायला कन्फेशनला जायच्या आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन चिंचा खायला मोकळ्या व्हायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. आता लिहायला बसले आहे, तर दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते पाहून आले.

पहिल्याच बैठकीला दगडाबाई आली. मिहिरला चार महिने तिनेच न्हाऊ घातलं. मग तिचे गुडघे धरले आणि तिने काम सोडलं, असं मी तुला सांगितलं होतं.

तिचे गुडघे उत्तम आहेत, चारू. तीन जिने चढून ती माझ्या आधी गच्चीवर पोचली होती.

गेल्या वर्षीचा जून. तू आंघोळीला गेली होतीस. मिहिरला पायांवर घेऊन तेल लावताना ती हळूच म्हणाली, “बाई, लेकराची डावी मूठ उघडंना. पाय बी आखडून धरतोय. मोठ्या दवाखान्यात दाखवा.” मी तर तेव्हा येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगत होते, की आमचं बाळ खुळखुळा उजव्याच हातानं ओढतं, देवाला फूल वाहणारा हात आहे. मला तिचं बोलणं अभद्र वाटलं. हिचीच नजर लागेल, असं मनात आलं. त्याच दिवशी तिला खण-नारळ देऊन निरोप दिला. रीतसर दिला, म्हणजे तुला शंका यायला नको.

त्यानंतर दहा महिन्यांनी नाशिकच्या डॉक्टरांनी मिहिरची डावी बाजू अधू असल्याचं सांगितलं आणि तुला विचारलं, हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही का? तू मान खाली घालून नाही म्हणालीस. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते.

मग तुला दोष देताना तुझ्या सासूबाईंनी ग्रहणात चिरलेल्या भाजीचा विषय काढला, तुझ्या नोकरीचा काढला. ते सगळं मी ऐकत होते आणि मनातल्या मनात त्यांना अडाणी म्हणत होते. परवा तू फोनवर म्हणालीस, “मी त्याची आई, मला कसं दिसलं नाही?” आमटी उतू जाते आहे असं सांगून मी फोन ठेवला. आमटी केलीच नव्हती.

त्या पहिल्या बैठकीत सुरेखाताईंनी बायकांना विचारलं, काही खटकलं तर घरच्यांना सांगता का? दगडाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, “सांगितलं व्हतं एका घरी. खण-नारळ देऊन वाटंला लावलं. तवापासून हात चालवते, तोंड नाय.” बायका हसल्या. मी खाली बघून तक्ता लिहीत राहिले.

पुढच्या शनिवारी मात्र उठून सांगितलं, की ते घर माझं. दगडाबाई म्हणाली, “व्हय. पर चहा लई चांगला असायचा यांच्याकडं.” त्यावर मीसुद्धा हसले आणि हसता हसता रडले. तेवढ्यात मागून तनुजा नावाची एक तरुण मुलगी बोलली. ती न्हाऊ घालते त्या घरातलं बाळ आठ महिन्यांचं झालं, अजून मान धरत नाही. काम जाईल म्हणून ती गप्प होती. सोमवारी सुरेखाताई आणि दगडाबाई त्या बाळाच्या आईसोबत दवाखान्यात गेल्या. तनुजाचं काम अजून टिकून आहे.

तुला दिसलं नाही, कारण ज्या बाईला दिसलं तिला मी तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही. एवढंच लिहायला चार पानं लागली. क्षमा मागायचं धाडस नाही. तुला राग येईल तेवढा येऊ दे, फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस. एक मात्र कर. हे पत्र फाडण्याआधी तुझ्या सासूबाईंना वाचायला दे. त्यांनी तुला पुन्हा काही म्हणू नये, म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते आहे.

उमा वैजनाथ देऊळगावकर
(चारुताची आई)