दोन किलो पेटा आणि हातकणंगल्याचं पावणं

तीर्थस्वरूप आक्कास, धाकट्या बायडाचा पाया पडून नमस्कार.

तुझा गुडघा कसा हाय? लसणाचं तेल लावतीस, का नुसतीच कण्हतीस? (बाळासोला म्हणावं, पोल्ट्रीतनं सवड काढून जरा आईकडं बी बघ.) हिकडं उचगावात समदी खुशाल. मी तर इतकी खुशीत हाय की परवा आमटीत दोनदा मीठ पडलं, आणि सून काय बोलायच्या आदी मीच हसले.

आक्का, आपली नात निशिगंधा कॉलेजात कशाचा शोध लावती ठाव हाय का? मला तिनं चारदा सांगितलं, तवा कुठं कळलं. हात-पाय आपण म्हणू तसं हलत्यात. पर आतडं, रगताच्या नळ्या, बायकांची पिशवी, ही आपली आपणच आवळत्यात नि सैल हुत्यात, आपल्याला इचारत न्हाईत. त्यांच्या मांसात लई बारीक दोऱ्या असत्यात, त्यास्नी अॅक्टिन म्हणायचं. आणि त्या दोऱ्यांना धरून राहणारी प्रथिनं निराळी. एक दोऱ्यांची उसासारखी मोळी बांधतंय. एक दोरीचं टोक भिताडाला बांधून ठेवतंय. आणि कॅल्पोनिन म्हणून एक हाय, ते दोरीवर नुसतं बसून राहतंय, वढू देत न्हाय. वरनं निरोप आला की मगच उठतंय. (मला आमच्या मालकांची आठवण झाली. ते निरोप येऊन बी उठत न्हाईत, एवढाच फरक.) आणि हे समदं सापडतंय कोंबडीच्या पेट्यात, म्हंजे तिची पोटातली दाणं दळायची पिशवी असती की, त्यात.

हे शेवटचं मला रविवारी कळलं. शनिवारी कळलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी निशिगंधानं सोललेला, धुतलेला दोन किलो पेटा आणून आमच्या फ्रीजात ठेवला. कॉलेजच्या फ्रीजात जागा नव्हती म्हणं. रविवारी तर हातकणंगल्याचं पावणं तिला बघाय येणार. जी पोरगी कधी कोथिंबीर आणत न्हाय, तिनं पावण्यांसाठी पेटा आणला, म्हंजे पोरीच्या मनात भरलंय, असं मी धरून चालले. डोळ्याला पाणी आलं बघ.

पावणं पोहं खाऊन उठलं आणि त्यांच्या गाडीचा पट्टा तुटला. मिस्त्रीला आणाय नवरा मुलगा पृथ्वीराज निशिगंधाच्याच स्कूटरवर मागं बसून गेला. त्याचं आईबाप घरात, जेवणवेळ झालेली, मटणाच्या दुकानाम्होरं रविवारची रांग. मी फ्रीज उघडला. असा रस्सा झाला आक्का, की मुलाच्या बापानं तिसऱ्यांदा वाटी म्होरं केली नि म्हणला, "मावशी, पोरगी पसंतच हाय, पर ह्यात काय घातलंय तेवढं सांगा."

तेवढ्यात ती दोघं आली. निशिगंधानं ताटं बघितली, फ्रीज बघितला आणि पातेल्यावरचं झाकण उचललं. "आज्जी, माझं सहा महिन्यांचं काम फोडणीला टाकलंस की."

मुलाच्या बापाचा हात वाटीतच राहिला. (पेट्याला औषधबिवषध काय लावलेलं नव्हतं, मी चौकशी केली. जेवणं झाल्यावर.) शुक्रवारी तिचा कॉलेजातल्या मशिनवर नंबर हाय, तो चुकला तर चार महिनं थांबायचं. एका वयाच्या कोंबड्या लागत्यात, आणि तिनं पेटा आणला त्या पोल्ट्रीतली बॅच तर कवाच निघून गेलती. पृथ्वीराजनं तेवढं इचारलं, "किती दिवसांच्या कोंबड्या लागत्यात?" सकाळधरनं पहिल्यांदा पोरीनं त्याच्याकडं मान वर करून बघितलं.

बाकी ठीक. गुडघ्याला जप.

तुझी,
बायडा

ता. क. – बाळासोच्या पोल्ट्रीत पंचेचाळीस दिवसांच्या कोंबड्या असतील तर कापल्या कापल्या दोन किलो पेटा काढून बरफात घालायला सांग. गरम पाणी अजिबात लावू नको. शुक्रवार चुकला तर निशिगंधा लग्नाचं नाव बी काढू देणार न्हाय, मग मी कुणाच्या तोंडाकडं बघू?

ता. क. दुसरं – पत्र मोठ्यानं वाचू नको. हे पत्र तुला देऊन, थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन तुझ्या सोप्यात बसलाय तोच पृथ्वीराज. शेजारी निशिगंधा हाय. ती म्हणती, ह्याला बरफ भरता येत न्हाय म्हणून मी चाललीया. मी काय बोलले न्हाय, तू बी बोलू नको. त्यास्नी जेवाय घाल, घाई करू नको. बरफात पेटा टिकतोय, ती दोघं चार घटका बसली तर बसू देत.