माझ्या सात एकरांना कंपनीने लावलेलं कुलूप

परळ,
२३ ऑगस्ट

आदरणीय बुधाजीदादा,

सुभद्राचा सविनय जय भीम. वहिनीचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल ती लावते की फडताळात शोभेला ठेवते, हे खरं खरं कळव. तुझं बीपी आटोक्यात असेल अशी आशा आहे. नसेल तर आधी गोळी घे आणि मग पुढे वाच (हे गमतीने लिहीत नाहीये). लावणी आटोपून तू आता निवांत असशील. फोन करायचा सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर माझं तिसरं वाक्य संपायच्या आत तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस. पत्र तुला खाली ठेवता येईल, पण मधेच तोडता येणार नाही.

तर गेले पाच महिने मी लढते आहे. कोणाशी, ते सांगते. आपली मानसी नोकरीला लागली तेव्हा तिने ते टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन घेतलं आणि आठ महिन्यांत बदली होऊन बंगळुरूला गेली. मशीन माझ्याकडे राहिलं. एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी उकळून मी निवृत्त झालेली, चौदाव्या मजल्यावर दुपारभर करायचं काय? (चाळीत निदान भांडायला माणसं दारात होती. टॉवरमध्ये भांडायचं तरी लिफ्ट बोलवावी लागते.) म्हणून मी तो शेतीचा खेळ घेतला. डब्यावर इंग्रजीत लांबलचक नाव आहे, आम्ही त्याला नुसतं 'शेती' म्हणतो. सात एकर जमीन, विहीर, एक गाय, भात नाहीतर नाचणी लावायची, पाणी द्यायचं, कापायचं. माझं बघून बाराव्या मजल्यावरच्या जाईबाईने घेतला, मग मायाने, जी हिंदमाताला ब्लाऊज शिवते. सहा वर्षं आम्ही तिघी दुपारी माझ्याच मशीनवर आपापली डिस्क लावून शेती करतोय. तू याला 'टीव्हीतला चिखल' म्हणतोस ते मला माहीत आहे. म्हण. पण तुझ्या अकरा गुंठ्यात रानडुकरं येतात, माझ्या सात एकरांत आजवर एक आलं नव्हतं.

डुक्कर आलं ते फेब्रुवारीत. भाताला पाणी सोडत होते तर पडद्यावर एक चौकोन उघडला, भोवती फुलं, मधे मजकूर: एकतीस मार्चला आपला हा सुंदर प्रवास संपतो आहे, सोबतीबद्दल आभार. जाईबाईला वाटलं कोणीतरी वारलं. तिने हात जोडले. मी मानसीला फोन लावला तेव्हा तिने समजावलं. हा खेळ दर वेळी सुरू होताना आधी कंपनीच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला विचारतो, 'चालू होऊ का?' तिकडून 'हो' आलं तरच गाय हंबरते. आता कंपनी तो 'हो' म्हणणारा कॉम्प्युटरच बंद करणार. म्हणजे डिस्क माझी, मशीन माझं, टीव्ही माझा, वीज माझी, आणि भात कापायचा की नाही ते सातासमुद्रापार बसलेला कोणीतरी ठरवणार. शेती करताना मला कोणाची सोबत लागत नाही, इंटरनेट लागत नाही, तरी! मी मानसीला म्हटलं, अगं, ही काय पद्धत झाली? ती म्हणाली, 'आई, सगळ्या कंपन्या असंच करतात.' दादा, सगळे असंच करतात हे वाक्य आपल्या घराण्यात आजोबांनी ऐकून घेतलं नाही, तर मी काय ऐकून घेणार होते?

मग मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर प्रिती नावाची मुलगी आली. गोड होती बिचारी. म्हणाली, 'मॅडम, तुम्ही गेम विकत घेतलेला नाहीये. तुम्ही तो वापरायची परवानगी घेतली आहे.'

'मग दुकानदाराने मला काय दिलं?'

'परवानगी, मॅडम.'

'डब्यात घालून?'

यावर प्रितीने पुन्हा बासरी लावली.

दुसऱ्या दिवशी मी आणि माया दादरच्या दुकानात गेलो. दुकानदार हितेंद्रभाईने आम्हाला बघितलं, डबा बघितला आणि हसत हसत त्याच खेळाचा नवीन भाग काउंटरवर ठेवला. तीच शेती, फक्त ट्रॅक्टर लाल. म्हणाला, 'मावशी, जुनं बंद झाल्याशिवाय नवं कोण घेणार?' एवढं स्वच्छ सत्य मी कोणत्याही मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही, त्यामुळे त्याच्यावर रागावता आलं नाही. त्यानेच दाखवलं की डब्याच्या मागे लिहिलेलं असतं, सेवा केव्हाही बंद होऊ शकते. मायाने ब्लाऊजची हातशिलाई उसवताना लावायचं भिंग पर्समधून काढलं तेव्हा कुठे ते दिसलं. पुढच्या बाजूला मात्र 'तुमची स्वतःची जमीन' ही अक्षरं माझ्या अंगठ्याएवढी आहेत. (कोण म्हणेल की कंपनीला मोठं लिहिता येत नाही?)

एकतीस मार्च आला आणि गेला. एक एप्रिलला दुपारी तीन वाजता जाईबाई नेहमीसारखी चहाचा थर्मास घेऊन वर आली. मी बटण दाबलं. पडदा काळा, मधे एक गोल फिरतोय आणि खाली 'संपर्क होऊ शकत नाही'. जाईबाईचा भात दोन दिवसांत कापायला येणार होता. तिने थर्मास खाली ठेवला, त्या गोलाकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'सुभद्रा गो, माझ्या नावार आयुष्यात कधी काय नव्हता. घोव मिलमध्ये, खोली सासऱ्याच्या नावार, गावची जमीन चुलत दिरांनी खाल्ली. पयल्यांदा माझ्या नावाची पाटी लागली ती ह्या टीव्हीत. तीव ह्येंनी काढून घेतल्यानी.'

दादा, मी इतका वेळ हे सगळं गमतीने लिहिते आहे, पण तेव्हा मला हसू आलं नाही. आपल्या आजोबांनी गावात दुसऱ्यांचे बांध घातले. तू ते अकरा गुंठे घेतलेस तेव्हा सातबाऱ्यावर तुझं नाव वाचून आई कशी रडली होती, ते मी बघितलं आहे. टीव्हीतल्या पाटीची आणि सातबाऱ्याची बरोबरी होत नाही हे मला कळतं. पण बहात्तर वर्षांच्या बाईने विकत घेतलेली एवढीशी पाटी कोणीतरी लांबून पुसावी आणि वर फुलांच्या चौकटीत आभार मानावेत, हे मला सहन झालं नाही.

एप्रिलमध्ये लोअर परळच्या मॉलमध्ये नव्या भागाचं उद्घाटन होतं. (कुठला मॉल ते सांगत नाही, पण त्या जागी पूर्वी होती त्या मिलमध्ये जाईबाईचा नवरा साचे चालवायचा.) खोटं गवत, खोटी विहीर आणि फोटो काढायला एक खराखुरा लाल ट्रॅक्टर. मायाने अस्तराच्या कापडावर मशीनने शिवून फलक केला होता, 'आमची शेती परत द्या', कडेला पायपिंगसकट. आम्ही तिघी जाऊन ट्रॅक्टरवर बसलो. सिक्युरिटीवाल्याला वाटलं, आम्ही कार्यक्रमातल्याच. त्याने आम्हाला फेटे बांधले. अर्ध्या तासाने एक बातमीवाली मुलगी कॅमेरा घेऊन आली आणि तिने जाईबाईला विचारलं, आजी, नुकसान किती? जाईबाईने सगळं खरं सांगितलं, भात उभा आहे, गाय पाण्यावाचून आहे, कंपनीने रातोरात जमीन काढून घेतली. संध्याकाळी बातमी लागली, 'परळमध्ये शेतकऱ्यांचा आक्रोश'. दुसऱ्या दिवशी एक कार्यकर्ते घरी येऊन दोन टेम्पो माणसं पाठवू का म्हणून विचारून गेले आणि कुठल्या तालुक्यातली जमीन हे ऐकल्यावर पाणीही न पिता उठले.

पण त्या बातमीने काम झालं. कंपनीने आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि इथल्या अधिकारी मृणालिनी मॅडम भेटायला स्वतः खाली आल्या. वयाने मानसीएवढ्या, बोलायला मऊ. आम्हाला थंड कॉफी पाजली आणि म्हणाल्या, जुना कॉम्प्युटर कायम चालू ठेवणं शक्य नसतं हो. मी म्हटलं, बाई, नका ठेवू चालू. तुमचा कॉम्प्युटर तुम्ही बंद करा, पण जाता जाता आमच्या दाराचं कुलूप काढून जा. 'चालू होऊ का' असं खेळाने विचारायचंच नाही, एवढंच करा. त्या कॉफीतला बर्फ ढवळत राहिल्या.

मग आमच्याच इमारतीतली वकील अक्षता मदतीला आली. सातव्या मजल्यावर राहते, फी म्हणून माझ्या हातचे बोंबील घेते. तिने ग्राहक आयोगात तक्रार लिहिली. तिच्याकडून मला कळलं की आम्ही तिघीच वेड्या नाही. जगभर माणसं याच्यासाठी भांडतायत, आणि काही जण तर जुने खेळ ग्रंथालयासारखे जपून ठेवतात, पुढच्या पोरांना बघायला मिळावेत म्हणून. पण त्यांचीही हीच अडचण, की डिस्क जपली तरी 'हो' म्हणणारा गेला की ती नुसती चकती. आपल्या अप्पांची बुद्धवंदनेची वही साठ वर्षांची आहे, कोपरे वाळवीने खाल्लेत, पण उघडायला कोणाला विचारावं लागत नाही. माझी सहा वर्षांची शेती मात्र म्युझियममध्ये ठेवली तरी मुकी.

जुलैत पहिली तारीख लागली. कंपनीचे वकील सूट घालून आले होते. त्यांनी सांगितलं की हा खेळ म्हणजे वस्तू नव्हेच, हा एक अनुभव आहे, आणि अनुभवाची मालकी कोणाकडे नसते. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी आमचा डबा मागून घेतला, उलटा केला, कानाशी धरून हलवला. आतली डिस्क खडखडली.

'तुमचा अनुभव वाजतोय,' त्या म्हणाल्या.

मला टाळी वाजवावीशी वाटली, पण अक्षताने माझा हात धरून ठेवला होता.

या महिन्यात दुसऱ्या तारखेला, आत बोलावण्याआधी, वकिलांनी आम्हाला व्हरांड्यात गाठलं. तडजोड करू म्हणाले. नवं मशीन, खेळाचा नवा भाग आणि भिंतीएवढा टीव्ही. फक्त तक्रारदाराला. बदल्यात तक्रार मागे घ्यायची आणि कुठे बोलायचं नाही. खोटं कशाला लिहू, दादा, भिंतीएवढा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माझी भिंत आली. तिच्यावरची ओल त्याच्या मागे झाकली गेली असती. मी विचारलं, 'जाईबाईला काय? मायाला काय?' वकील म्हणाले, त्यांनी तक्रार कुठे केलीय? मी त्यांना म्हटलं, 'एकतीस वर्षं मी अख्ख्या वॉर्डाच्या चादरी धुतल्या, साहेब. एकाच खाटेची धुवायची मला सवय नाही. कुलूप काढायचं तर सगळ्यांचं काढा.' पाठीमागे मृणालिनी मॅडम उभ्या होत्या. वकील फोनवर बोलायला बाजूला गेले तसं त्या हळूच अक्षताला म्हणाल्या की कुलूप काढणारी फाईल त्यांच्या इंजिनीयरांनी वर्षापूर्वीच करून ठेवली आहे, फक्त वरून सोडू देत नाहीत. तुम्ही आत विचारून तर बघा.

अक्षताने आत विचारलं. वकिलांना नाही म्हणता आलं नाही आणि हो म्हणवेना. शेवटी अध्यक्षबाईंनी हुकूम काढला, की पुढच्या तारखेला, बारा सप्टेंबरला, कंपनीने ती फाईल घेऊन यावी आणि इथे सगळ्यांसमोर खेळ चालवून दाखवावा. चालला, तर ती फाईल सगळ्या गिऱ्हाइकांना का देऊ नये, हे लेखी सांगावं. म्हणजे आता आयोगात टीव्ही लागणार, मशीन लागणार, आणि सरकारी टेबलावर जाईबाई आपला उभा भात कापणार. तिने त्यासाठी नवीन लुगडं काढून ठेवलंय. जिंकू की नाही, माहीत नाही. पण ज्यांनी आम्हाला फुलांच्या चौकटीत निरोप दिला, त्यांना आम्ही अजून निरोप दिलेला नाही.

वहिनीला जय भीम, पोरांना आशीर्वाद. जपून राहा.

तुझी,
सुभद्रा

ता. क. एक गोष्ट मजकुरात राहून गेली. खेळ घेतला त्या दिवशी तू दादरला माझ्याबरोबर होतास आणि माझा फोन बंद पडला म्हणून बिलाला तुझा नंबर दिला आणि ते तुझ्या नावाने झालं. त्यामुळे कायद्याने तक्रारदार तू आहेस. मे महिन्यात लग्नाला आलास तेव्हा जेवता जेवता एका कागदावर सही केलीस, तो सोसायटीचा अर्ज नव्हता. गेले तीन महिने तू फार उत्तम लढतो आहेस. बारा सप्टेंबरला सकाळी साडेदहाला तू जातीने हजर पाहिजेस, इस्त्रीचा शर्ट घालून. शेतीविषयी विचारलं तर 'चिखल' हा शब्द वापरू नकोस.

ता. क. २. अक्षताला काल कळलं की कंपनीने मला सोडून थेट तुझ्या गावच्या पत्त्यावर एक मोठं पार्सल धाडलं आहे. सोबतच्या कागदावर सही केलीस की तडजोड झाली, जाईबाईची शेती गेली. सही करायची नाही. पार्सल परत पाठवायचं. वहिनीला टीव्ही कितीही आवडला तरी.

ता. क. ३. सही न घेता पोस्टमनने तसंच ओटीवर ठेवलं असेल आणि पोरांनी उघडलंही असेल, तर लगेच पुन्हा बांधून ठेव. त्याआधी फक्त एवढं बघून कळव, की नव्या भागात विहिरीला पंप बसवता येतो का. मला काही नाही, माया विचारतेय.