लेकीचे डास

४ मार्च
चपलांना परत बुरशी! परवाच पुसून उन्हात ठेवल्या होत्या. ऊन कसलं, नुसती वाफ. मीठ बरणीतून खरवडून काढावं लागतं. कपाटात बल्ब जळत ठेवते म्हणून निदान साड्या वाचतात.

हा तिसरा देश. लेकीचं संशोधन डासांवर, त्यामुळे डास जिथे जास्त तिथे हिची रवानगी. लोक उन्हाळ्यात थंड हवेला जातात, आम्ही बारा महिने घामाच्या धारांत. तीन महिन्यांसाठी आले होते, आता दुसरं वर्ष लागलं. खरं तर तिला घेऊन परत जायचं म्हणूनच आले होते. रोज सांगते — बाई गं, पुरे झालं, घरी चल. ती मान डोलावते. "हो गं, बघू." हे तिचं 'बघू' म्हणजे साफ नाही!

७ मार्च
आज डासांना बाह्या शिवल्या. खोटं नाही! जाळीचा पिंजरा असतो, त्याला कापडाची लांब बाही. तिच्यातून हात आत घालायचा, म्हणजे डास बाहेर येत नाहीत. प्रयोगशाळेतल्या बाह्यांचं इलॅस्टिक गेलं होतं. मी शिवणाचे क्लास चालवलेली बाई. झबल्यापासून सुटापर्यंत सगळं शिवलं, आता हेही शिवलं.

या बाहीतून लेक स्वतःचा हात आत घालते आणि माद्यांना खुशाल चावू देते. पाहून माझ्या अंगावर काटा आला. म्हणते, "आजारी नाहीत गं ते. पिंजऱ्यातच जन्मलेत, स्वच्छ आहेत." स्वच्छ डास! लहानपणी हिला एक डास चावला तरी मी उठून बसायचे. आणि नर चावत नाहीत म्हणून त्यांना साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. जावयांची बडदास्तही कोणी एवढी ठेवत नसेल.

म्हटलं, "त्यांची काळजी घेतेस, स्वतःची कोण घेणार? घरी चल." की ही लगेच उठून गेली.

९ मार्च
दिवे गेलेत. प्रयोगशाळेचा जनरेटरही बसला, तिथे भट्टी झालीय म्हणे. लेक पिंजरे घरी घेऊन आली! मधल्या खोलीत टेबलावर मांडले, वर ओली चादर. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत.

"आई, जपून हं. दोन वर्षांची मेहनत आहे ही. चौदावी पिढी."

आमच्या घराण्याच्या चौदा पिढ्या मला माहीत नाहीत, पण यांच्या पाठ झाल्या.

१० मार्च
मेले. सगळे मेले.

माझ्या हातून मेले. लेक जनरेटरचं बघायला गेली होती. मी मधल्या खोलीतच बसले होते, राखण करत. वाट्यांत पाणी घालत होते, चादर भिजवत होते. दिवेलागण झाली. घोट्याला डास चावला — बाहेरचा, भटका. उठले, कॉईल पेटवली, टेबलाखाली ठेवली आणि पुन्हा राखणीला बसले! जन्मभराची सवय. दिवेलागणीला कॉईल लावायची, यात विचार तो कसला करायचा?

लेक दारातच थांबली. वास आला तिला. चादर बाजूला केली. पिंजऱ्याच्या तळाशी सगळे पाय वर करून पडलेले.

ओरडली असती तर बरं झालं असतं. कॉईल विझवली, खिडकी उघडली आणि म्हणाली, "जेवलीस का तू?"

११ मार्च
तिच्याकडे बघवत नाही.

१२ मार्च
मुलाचा फोन. त्याला सगळं सांगितलं तर हसायला लागला. "बरंच झालं की आई! आता काम बंद, ताई आपसूक घरी येईल. तुझ्या मनासारखं झालं." असा राग आला! म्हटलं, "तोंड सांभाळून बोल. दोन वर्षं हाताची चाळण करून घेतलीय तिने." फोन ठेवूनच दिला.

खरंच, मला हेच तर हवं होतं ना? मग घास का उतरत नाही? ती सकाळी रिकामे पिंजरे धूत होती. पाठमोरी. मी शिवलेली बाही पिळून दोरीवर टाकली तिने. देवा, तिचं काम तेवढं वाचव रे. ती घरी नाही आली तरी चालेल.

हे मी लिहिलं? हो, मीच लिहिलं. राहू दे.

१४ मार्च
जीव भांड्यात पडला!

दुपारी लेक एक पांढरं तसराळं घेऊन आली. "बघ." मला नुसतं पाणी दिसलं. चष्मा लावला, तर पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळतंय. अळ्या! या जातीच्या माद्या ओल्या कागदावर अंडी घालतात, तो कागद सुकवून ठेवला तर महिनोन् महिने अंडी टिकतात, पाण्यात टाकली की फुटतात. तसे कागद प्रयोगशाळेत होते. तीच जात, तीच पिढ्यांची ओळ. काही आठवडे मागे पडेल काम, बस्स.

मी रडायलाच लागले. "अगं, डास आहेत ते!" लेक म्हणाली आणि हसत सुटली. तेव्हा मलाही हसू फुटलं. डासांच्या अळ्या बघून आनंदाने रडणारी बाई दुसरी नसेल!

त्यांना खाऊ काय, तर माशांच्या खाण्याची पूड. चिमूटभर मी घातली. पाणी गढूळ होऊ द्यायचं नाही म्हणे.

१५ मार्च
दिवे आले. ढाराढूर झोपले. अळ्या वाढताहेत.

१६ मार्च
जेवताना लेक ताटाकडे बघत म्हणाली, "आई, अंड्यांचे कागद आहेत हे मला त्याच दिवशी माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सांगणारच होते. पण दिवसभरात तू एकदाही 'घरी चल' म्हणाली नाहीस. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. मग दुसरा. इतकं शांत वाटत होतं गं…"

कार्टी! आणि इकडे मी चार दिवस देवाला साकडं घालत होते! ताट उचलून खोलीत आले, दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने दाराबाहेरून आवाज — "फार रागावलीस?"

"हो," म्हटलं.

तरी दाराशीच बसून राहिली. मग मी मुलाला फोन लावला, तिला ऐकू जाईल असा मोठ्याने. म्हटलं, तिकडची माझी खोली आता तुझ्या मुलांना देऊन टाक.