रिकामी यादी आली त्या दिवसाचं

आबा, मी आता बंगलोरला असतो. तुम्ही गेलात त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. आपल्या खालापूरच्या माणसाला पुणंच लांब, तिथं बंगलोर म्हटल्यावर तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात ठेवून विचारलं असतंत, "तिकडं काय हाय रं?" तिकडे कॉम्प्युटर आहे. सातवीतून उठलेला मी तिथं काय करतो, तर आधी मशीनवर टेपची चाकं चढवायचो, खोली झाडायचो. मग टायपिंग येतं म्हणून बसवलं, आणि आता मशीनने काय करायचं ते ओळीओळीने लिहून देतो. त्याला प्रोग्राम म्हणतात. तसं पक्कं काहीच नाही. ठेवायचं की काढायचं ते साहेब या महिन्याच्या अखेरीस ठरवणार होते. याआधी खोपोलीचं गॅरेज, पनवेलची प्रेस, सुरतेची मिल, सगळं मी असा दिवस उजाडायच्या आधीच सोडलं. कुणी जा म्हणायच्या आत निघायचं, ही माझी रीत. या वेळी थांबलो. का थांबलो ते नीट सांगता येत नाही. काम आवडलं असावं.

काम सांगतो. आमच्या कंपनीचं एक मशीन इथं आहे, एक मद्रासला. पंपाच्या भागांची मापं मद्रासची माणसं काढतात आणि त्यांच्या मशीनवर ठेवतात, एका भागाची एक फाइल. इथला कारखाना त्या मापांवर चालतो. मधे टेलिफोनची तार. रोज सकाळी आपल्या मशीनने तारेवरून विचारायचं, तुझ्याकडे काय काय आहे? तिकडून यादी येते. तिच्यात नवं दिसेल ते मागवून घ्यायचं, आणि त्यांनी काढून टाकलं असेल ते इथूनही पुसायचं, म्हणजे जुन्या मापाने कुणी काही कापू नये. यादीत प्रत्येक नावाच्या आधी काही अक्षरं आणि बारक्या रेघा असतात. मला ती बरेच दिवस नक्षीच वाटायची. ती मुभा असते. ही फाइल मालकाने वाचावी का, बदलावी का, त्याच्या गटातल्यांनी काय करावं, आणि बाकीच्या दुनियेने काय. अक्षर असेल तर मुभा, रेघ असेल तर नाही. फाइली ज्या कप्प्यात असतात त्या कप्प्यालाही हाच नियम. कप्पा बंद असला तर आत काय आहे त्याची यादीच बाहेर येत नाही. मी आपला नक्षी सोडून नुसती नावं उचलत होतो.

सोमवारपासून प्रोग्राम खऱ्या कामाला लावायचा होता. त्याआधी मी इथल्या सगळ्या मापांची नक्कल केली आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत नकलेवर चालवून बघितला. इतका झटपट चालला की मी खूश झालो. मग बघतो तर नकलेतलं सगळं साफ. एक फाइल शिल्लक नाही. मद्रासला फोन लावला. तिथल्या मशीनवर एक बाई असतात, हिंदी तोलूनमापून बोलतात.

"मॅडम, आपका सब फाइल किधर गया?"

"सब इधर ही है।"

"लेकिन लिस्ट तो खाली आया।"

"आपको लिस्ट नहीं मिलेगा। परसों से बाहरवालों का देखना बंद किया है। आपका मशीन बाहरवाला है।" आणि वर म्हणाल्या, "हमारे मशीन ने बताया तो होगा। आपने पढ़ा नहीं?"

खरंच सांगितलं होतं. यादीच्या जागी त्यांच्या मशीनने एक ओळ पाठवली होती, की मुभा नाही. माझा प्रोग्राम नावं शोधत होता. नावं दिसली नाहीत, म्हणून त्याने धरलं की तिकडे काही उरलंच नाही, आणि इथलंही पुसून टाकलं. खऱ्या मापांवर चालला असता तर सोमवारी आख्खा कारखाना हात बांधून उभा राहिला असता. तार इतकी मंद की सगळं परत आणायला आठवडे गेले असते.

फोन ठेवला आणि मला तुमचे पट्टे आठवले. साजगावच्या कारखान्यातलं तुमचं स्टोअर, त्याची ती जाळीची खिडकी. शाळा सोडल्यावर मी तुमच्या मागे लागलो होतो, मलाही आत कामाला घ्या म्हणून, आणि खिडकीशी येऊन ताटकळायचो. फिटर येतो, खिडकीवर कोपर टेकतो. "मामा, बेरिंग हाय का?" "नंबर सांगा." "नंबर कुनाला पाठ हाय? आत येऊन बगतो की." "आत यायचं नाय. नंबर सांगा, आनून देतो." "आत काय सोनं ठेवलंय का?" "सोनं असतं तर तुमाला खिडकीपर्यंत तरी येऊ दिलं असतं का?" मागचे हसतात, आणि फिटर डोकं खाजवत नंबर आणायला जातो. तर एके दिवशी दुसऱ्या खात्याचा एक नवा माणूस मोटारीचा पट्टा मागायला आला. पट्टे तुमच्या पाठीमागेच खुंटीला लटकत होते, पण ते त्या खात्याला द्यायचे नाहीत असा वरचा हुकूम. तुम्ही मान वर न करताच म्हणालात, "नाय." तो गेला आणि खात्यात सांगितलं, स्टोअरमधले पट्टे संपले. त्यांचं मशीन बंद पडलेलं, माणूस मुंबईला पिटाळला. तो दुसऱ्या दिवशी नवे पट्टे गळ्यात घालून आला, तर इथे जुने तसेच लटकलेले. तुमच्या साहेबाने तुम्हाला खिडकीच्या बाहेर बोलावून सगळ्यांदेखत झापलं.

त्या संध्याकाळचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, चुलीवर सुकट रटरटतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय. मी फणफणतोय, "एवढं ऐकून घ्यायचं कशाला? सोडा ती नोकरी." आई म्हणाली, "बगा, सातवीतनं पळालेला, आता बापाला पळायला शिकवतोय." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "चूक माझी हाय रं. हाय त्याला मी नाय म्हनलो." आणि भाकरी मोडता मोडता पुढे म्हणालात, "गावात आपल्याला असंच सांगायचे. उंबऱ्याभायेर उभं करून. घर भरलेलं असायचं, आन् तोंड फिरवून नाय म्हनायचे. आपन बुद्धाचे झालो, कारखान्यात लागलो, खिडकीच्या आत बसलो, आन् मी बी तेच केलं." आई म्हणाली, "मंग काय वाटत सुटायचं?" "वाटायचं कशाला? हुकूम नाय तर द्यायचं नाय. पन सांगायचं, माल हाय, तुला द्यायचा हुकूम नाय, हुकूम घेऊन ये. मंग तो हुकमासाठी भांडंल. मुंबईला धावनार नाय." आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकल काढून त्याच खिडकीत जाऊन बसलात. मला तेव्हा ते फार दुबळं वाटलं होतं. ज्याने झापलं त्याच्याच दारात परत जायचं म्हणजे काय.

मद्रासचा फोन ठेवल्यावर त्या दुपारी मीही निघून जाऊ शकलो असतो. बॅग काय, कायम भरलेलीच असते. पण साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते बेळगावचे, मराठी बोलतात. "सोमवारी लावायचा नाही म्हणतोस? आणि हे आता सांगालास होय रे?" म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. यादी रिकामी आली म्हणजे तिकडे काही नाही, असं मी धरलं." ते पेन आपटत राहिले. मग म्हणाले, "नीट कर. आणि नीट झालं नाही तर तूच सांग, तुझं काय करायचं ते."

नीट केलं. आता प्रोग्राम आधी उत्तर वाचतो, मग नावं. मुभा नाही असं आलं तर एकाही फाइलला हात लावत नाही. पडद्यावर सांगतो की तिकडे माल असेल, आपल्याला बघायची परवानगी नाही, ती आणा. तार तुटली तर ते वेगळं सांगतो. आणि खरोखरच काही नसेल, तरी पुसायच्या आधी माणसाला विचारतो. साहेबांनी मद्रासला फोन केला, त्या बाईंनी आमच्या मशीनला मुभा दिली, आणि यादी आली, भरलेली. महिनाअखेरीस साहेबांनी बोलावलं. "राहा," म्हणाले. एवढंच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. मी निघालो तेव्हा साहेबांनी विचारलं, "असतं पण दाखवत नाहीत, हे वेगळं धरायचं, हे कुठं शिकलास रे?" केबिनचं दार उघडं होतं, बाहेर डिग्रीवाली मुलं बसली होती. मी म्हटलं, "पुस्तकात होतं, साहेब." ते म्हणाले, "चांगलं आहे. वाचत जा." आबा, ती पुस्तकं इंग्रजीत आहेत. मला अजून धड वाचता येत नाहीत.