फळीतून आरपार जाणारी गोळी

१२ जून, शुक्रवार
पोचले एकदाची. होडीवाल्या एमेटने होडीतून माझी ट्रंक काठावर आपटली आणि विचारलं, मर्टल आजी, आत शिसं भरलंय का काय? म्हटलं, शिसंच आहे, तू उचल. मेला हसत सुटला. खरंच शिसं होतं, मी घरी ओतलेल्या गोळ्या.

माझी धाकटी बहीण विल्डा खाटेवरूनच ओरडली की उशीर केलास. मांडीचं हाड मोडलंय, तोंड शाबूत आहे. हाड जुळेपर्यंत तिचं करायला आलेय. घर झकास आहे. खांबांवर उभं, खाली कमरेइतकी जागा, तिथे सरपण. मागे मासे धुरावर सुकवायची झोपडी. अलास्कात सत्तर वर्षं काढली, पण माशांनी एवढी बुजबुजलेली नदी पाहिली नव्हती. आंबवलेल्या पिठाचे जाड घावन केले. विल्डाने सहा खाल्ले आणि मग म्हणाली, कच्चे आहेत.

१३ जून
झोपडीभोवती अस्वलाची पावलं. माझे दोन्ही पंजे एकात मावतील एवढी. विल्डाच्या नवऱ्याचं, ऑडीचं रिव्हॉल्व्हर खुंटीला आहे. पाच काडतुसांचं, आखूड आणि हलकं. तयार काडतूस एकही नाही. मात्र रिकाम्या पुंगळ्या, बंदुकीची दारू, काडतुसं भरायचं यंत्र, सगळं त्याच्या टेबलावर धूळ खात पडलंय. तो गेल्याला चार वर्षं झाली.

डब्यात गोळ्या होत्या त्या मऊ, हलक्या, नाकाला खळगा असलेल्या. अंगात शिरल्या की फुलतात आणि तिथेच थांबतात. माणसाला त्या चालतात. अस्वलाला आधी चरबी, मग मांस, मग हाड. फुललेली गोळी चरबीतच बसते. त्याला हवी कडक शिशाची, चपट्या नाकाची, फुलायचं नाव न घेता खोल जाणारी. माझ्या ट्रंकेतल्या तशाच, वर चांगल्या जड. नख ओढून पाहिलं, चरा उठत नाही.

विल्डा म्हणाली, ऑडी या बंदुकीत मधल्या वजनाच्या भरायचा. म्हटलं, ऑडी मासेही मधल्या वजनाचेच धरायचा.

१५ जून
नऊ काडतुसं भरली. चार झाडून पाहिली, एकेक घालून. एक घालायची, झाडायची, मग दुसरी. माझी कायमची पद्धत. ओंडक्यातून आरपार गेली. मनगट पावासारखं सुजलं. विल्डाने विचारलं, पाचही घालून का नाही पाहिलं? म्हटलं, दारू काय तुझा बाप देतोय? ती म्हणाली, तुझाही तोच होता.

१९ जून, शुक्रवार
अस्वल भर दुपारी आलं. माशांना तोंड लावलं नाही. झोपडीपाशी बसून घराकडे बघत राहिलं. एमेट येऊन गेला तेव्हा नव्हतं. त्याला सांगितलं. तो म्हणाला, दोघी चला माझ्याबरोबर. विल्डा म्हणाली, मासे कोण उतरवणार, तुझी आई? तो गेला. पुढच्या शुक्रवारी येईल. होडी वळणाआड गेली आणि अस्वल परत येऊन त्याच जागी बसलं.

मला भीती वाटायला हवी होती. मी भांडी घासली.

२१ जून
आज पायऱ्या चढून आलं. दाराला खांदा लावला. खिडकीतून झाडली. पहिली त्याच्या खांद्यात गेली, मी पाहिलं. दुसरीला घोडा हलेना. काडतुसांची चक्री फिरेना. दोन्ही हातांनी ओढलं, नाहीच.

ते उतरलं आणि घराखाली शिरलं.

टेबलावर नेऊन पाहिलं. बंदूक हलकी, गोळी जड, धक्का मोठा. एका धक्क्यात बाकीच्या चारही गोळ्या पुंगळ्यांतून पुढे सरकल्या होत्या. एकीचं नाक बाहेर येऊन अडकलं होतं. चाळीस वर्षं माझ्या नवऱ्याच्या वजनदार बंदुकीसाठी भरल्या, कधी सरकल्या नाहीत. एकेक घालून पाहिलं तर हे कधीच दिसणार नाही. चक्रीत दुसरी असतेच कुठे सरकायला?

विल्डाला सांगितलं. ती म्हणाली, असू दे. ते जास्त लागलं.

२२ जून
मेलं नाही. सरपणात पडलंय. श्वास ऐकू येतो. ओला, लांब. विल्डाची खाट बरोब्बर त्याच्यावर आहे. तिला धरून नदीपर्यंत नेणं माझ्याच्याने होणार नाही. शुक्रवार लांब आहे.

दिवस मावळत नाही या दिवसांत. सगळं स्वच्छ दिसतं. मी कॉफी केली. दोघींनी प्यायली.

दुपारपासून खालून फळी ओरबाडतंय.

मऊ गोळ्या हलक्या, त्या भरल्या तर सरकून अडकणार नाहीत, पाच सलग झाडता येतील. पण फळी दोन बोटं जाड. त्या लाकडातच फुलून बसतील. कडक गोळी फळीतून जाईल. पण एकावेळी एकच. सरकलेल्या चारही ठोकून परत बसवल्या, एक नवी भरली.

विल्डा म्हणाली, एकेक घालायची तुला सवय आहेच.

कडकच घेतल्या.

२३ जून
खाटेजवळची फळी उचकटतेय. दोन नखं वर आली. विल्डाने पाय आखडले. मोडलेलाही.

विल्डा भिंतीला कान लावून सांगते कुठे आहे ते. मी झाडते. एक. मग बंदूक उघडायची, पुंगळी काढायची, दुसरी घालायची. मधल्या वेळात लिहिते.

दुसरी.

तिसरी. ओरडलं. मग ओरडणं थांबलं.

भोकातून ऊन खाली जातं. काही दिसत नाही. नुसती सरपणाची साल.

श्वास नाही. म्हटलं, मेलं. विल्डा म्हणाली, नाही, ऐकतंय.

चौथी घातली. पाचवी पुढ्यात. विचारलं, कुठे —

बोलत नाही. बोट दाखवतेय. खाटेखाली नाही. माझ्या खुर्ची —