ताडपत्रीच्या बाह्या

आये, तुला जाऊन वीसेक वर्षं झाली आणि तुला लिहायला मी आज बसतोय. तू होतीस तेव्हा पत्र लिहायची वेळच आली नाही, कारण घर सोडून मी कुठे गेलोच नाही. मुळगावातून डिचोलीला आणि डिचोलीतून मुळगावात, एवढाच माझा प्रवास. अक्षरांखाली बोट धरून वाचायची तुझी सवय. जोडाक्षर आलं की थांबायचीस आणि माझ्याकडे बघायचीस, म्हणून सोपं लिहितो. माझ्या कामासाठी तू ताडपत्रीच्या बाह्या शिवल्या होत्यास. त्यांच्याबद्दल मी तुला एक खोटं सांगितलं आणि ते खरं मानूनच तू गेलीस. ते मला निस्तरायचं आहे. पण आधी गाडीचं सांगावं लागेल, कारण गाडीचा पत्रा जोडता जोडता हे सगळं वर आलं.

खाण बंद पडली, तिच्यामागे आमचं वर्कशॉपही बंद पडलं. हे सगळं तुझ्यानंतरचं. खाणीच्या टिपर ट्रकांचे हौदे जोडण्यात ज्याची उमर गेली त्यानं पुढे काय करायचं? मी एक जुनी व्हॅन घेतली आणि गावातली पोरं शाळेत पोचवायला लागलो. आठ पोरं, त्यांची दप्तरं, डबे, भांडणं. सोपं काम नाही, पण मला आवडतं. दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस मधल्या सीटवरची पहिलीतली पोर मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, पोटात ढवळतंय. विचारलं तर म्हणते, "काका, हांगासून रस्तो दिसता." पोरांना उतरवल्यावर रबरी मॅट उचलून बघितली. तिचे पाय टेकतात तिथेच पत्रा गंजून गेलेला, आणि भोकातून खालचा डांबरी रस्ता स्वच्छ दिसतोय. मी बोटानं दाबलं तर पत्र्याचा तुकडा बिस्किटासारखा मोडून हातात आला. इतके दिवस त्या पोरीचा पाय त्याच्यावर होता. 

सुट्टी लागेपर्यंत त्या सीटवर कुणाला बसवलं नाही. मग गाडी रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, भंगारात काढा. मी म्हटलं, मी स्वतः वेल्डर आहे, करीन. तो हसला नाही, पण हसू दाबलं ते मला दिसलं. म्हणाला, "पत्रो पातळ आसा. तुमच्या हातान जावचें ना." बोटभर जाडीची प्लेट जोडलेल्या माणसाला ऐकवतो, जमणार नाही म्हणून! मला राग आला, आणि रागात मी फोनवरूनच घरगुती वेल्डिंग मशीन मागवलं. दोन दिवसांनी आलं. आये, तुझ्या शिवणाच्या डब्याहून जरासं मोठं, खांद्याला अडकवायला पट्टा. आमच्या वर्कशॉपातलं मशीन हलवायला चार माणसं लागायची. मी ते अंगणात ठेवलं आणि मनात म्हटलं, हे खेळणं काय करणार.

पहिला दिवस सगळा वाया गेला. सीट काढल्या, बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, ते सगळं शहाण्यासारखं केलं. नवीन पत्र्याचं ठिगळ कापून भोकावर ठेवलं आणि पूर्वी ओढायचो तशी वेल्डिंगची काडी सलग ओढली. फट्ट आवाज झाला आणि पत्रा वितळून खाली पडला. करंट कमी केला तर काडी चिकटून बसली, वाढवला तर पुन्हा भोक. जोडायला गेलो एक आणि शेजारी तीन नवीन पडली. सकाळी रुपयाएवढं असलेलं भोक दुपारपर्यंत तळहाताएवढं झालं, आणि उरलेला पत्रा तापून पापडासारखा वर आला. बायको दोनदा जेवायला बोलवून गेली. मी मशीनला शिव्या दिल्या, गॅरेजवाल्याला दिल्या, मग पायरीवर येऊन बसलो. तुझी बसायची जागा तीच.

तिथे बसल्यावर तू आठवलीस. आठवलीस म्हणजे दिसलीसच. अंगणात मातीनं लाल झालेल्या ट्रकांच्या ताडपत्र्या पसरल्यात, ट्रकवाले सकाळी शिवायला टाकून गेलेत, संध्याकाळी न्यायला येतील. तू मांडीवर एक कोपरा ओढून घेतलायस आणि दाभणानं सुतळी ओवतेयस. मी वर्कशॉपात नवीन लागलोय, एकोणीस वर्षांचा, हातात ताकद आणि डोक्यात हवा. सदऱ्याचा खिसा उसवला म्हणून तुझं दाभण घेतो आणि माझा मीच शिवायला बसतो. दोन टाक्यांत खिसा टराटरा फाटतो. तू दाभण माझ्या हातातून काढून घेतेस. "हो दाभण गोणपाटाचो. सदऱ्याक तो चलणा नाय," म्हणतेस. "जाड कामाची सवय लागली हा तुझ्या हाताक. आधी हात हलको कर." मग बारीक सुई घेऊन मला समोर बसवतेस. खिशाच्या कडेचं विरलेलं कापड कात्रीनं कापून टाकतेस. मी म्हणतो, भोक मोठं करतेस कशाला. तू म्हणतेस, "कुजलेल्या कापडाक टाको धरणा नाय. चांगला कापड लागापर्यंत काप." ठिगळाचे चार कोपरे आधी धरतेस, एकेक टाका. मग समोरासमोरच्या बाजूंना मध्ये एकेक. मग उरलेल्या जागांत. मी घाई करतो तेव्हा सांगतेस, "एका दमात शिवत जाव नको. कापड चुणता." त्या वेळी मी कंटाळून उठून गेलो होतो. पण ऐकलेलं सगळं आत कुठेतरी पडून होतं, ते मला त्या पायरीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तुझं ऐकलं. ग्राइंडर घेऊन गंजलेला पत्रा कापत गेलो, तो पांढरा चकचकीत लागेपर्यंत. भोक पाटाएवढं झालं. बायको बघून म्हणाली, आता गाडीच संपली.  जुन्या पत्र्यापेक्षा किंचित जाड पत्र्याचं ठिगळ कापलं, बाजारात मिळाली तेवढी बारीक काडी घेतली. चार कोपऱ्यांना एकेक ठिपका. काडी टेकवायची आणि लगेच उचलायची. मग थांबायचं. हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायचं, ऊब गेली की समोरच्या बाजूला दुसरा ठिपका. मग मधला. शेजारी शेजारी दोन कधीच नाहीत. जिथे पत्रा फारच पातळ तिथे खालून तांब्याची पट्टी लावली, म्हणजे उष्णता ती ओढून घेते आणि स्वतः चिकटत नाही. असे दोन दिवस गेले. टिपरचा अख्खा हौदा मी त्याहून कमी वेळात जोडलाय. ठिपक्याला ठिपका मिळून शेवटी कडा भरली आणि पत्रा कुठेही वर आला नाही. दिसायला सुबक नाही, तुझ्यासारखा हात नाही माझा. पण हातोडीनं ठोकून पाहिलं, आवाज भरीव आला. पाणी ओतलं, थेंब खाली गेला नाही. मग मी स्वतः त्याच्यावर उभा राहिलो, दोन्ही पायांनी, आणि उड्या मारल्या. साठीला आलेला माणूस गाडीत उड्या मारतोय म्हणून शेजारी बघायला आले. शिवणीवर सीलंट भरलं, वरून खालून रंग दिला. गॅरेजवाला मुद्दाम बघायला आला आणि कुणाकडून शिकलात म्हणाला. मी म्हटलं, सवय आहे. तुझं नाव घ्यायला जीभ वळली नाही.

आता बाह्यांचं. त्या खिशानंतर महिनाभरातलीच गोष्ट. ठिणग्यांनी माझ्या सदऱ्यांच्या बाह्यांना भोकं पडायची, ती तू रोज मोजायचीस. एका ट्रकवाल्यानं टाकून दिलेली जुनी सुती ताडपत्री तू मागून घेतलीस. तिच्यातलं मेण जावं, ठिणगीनं पेटू नये म्हणून सोड्यात तीनदा उकळलीस, घरभर त्याचा वास. मग मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत येतील अशा दोन बाह्या शिवल्यास, वर बांधायला नाडी. दुहेरी शिवण, लाल दोरा. मी त्या घालून वर्कशॉपात गेलो आणि दारातच एकानं विचारलं, "आज खंयचो ट्रक धांपूक आयलाय रे?" सगळे हसले. दुपारी जेवायला बसलो तरी तेच. ताडपत्री ट्रक झाकायची, ती मी अंगावर घेऊन आलो होतो. मी बाह्या काढल्या आणि हात पुसायच्या चिंध्यांच्या पिंपात टाकल्या. एका दिवसाच्यासुद्धा त्या झाल्या नाहीत.

घरी आल्यावर तू विचारलंस. मी म्हटलं, जळल्या. ठिणगी पडली आणि भसकन पेटल्या. तू माझा हात धरून उजेडात नेलास. मनगटावर आदल्या दिवशीचा एक डाग होता, तापलेल्या प्लेटचा, अजून लाल. तू त्याच्यावर बोट ठेवलंस आणि तुझा चेहरा उतरला. "ताडपत्रेक मेण ऱ्हवला आसतला. माझ्या ध्यानात येवक होया होता," म्हणालीस. मग हळूच, "माझ्यामुळां भाजला मां रे तुका?" तेव्हा एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. मी होय म्हणून मान हलवली. तू कोकमाचं भिरंडेल आणलंस आणि चुलीशी बसून त्या डागावर चोळत राहिलीस. त्यानंतर माझ्या कामासाठी तू कधी काही शिवलं नाहीस. नवी सून घरात आली तेव्हा तिलाही सांगितलंस, नवऱ्याच्या हातावरचा तो डाग माझ्या शिवणीचा आहे. तू हे सांगायचीस आणि मी तिथेच बसून जेवायचो.

त्या बाह्या महिनाभर त्या पिंपात होत्या. सगळे त्यांना ग्रीस पुसायचे. काळ्या ठिक्कर झाल्या, पण तुझा एक टाका निघाला नव्हता. त्या कधी पेटल्या नसत्या, आये. मेण तू सगळं काढलं होतंस.

गाडीचं काम संपता संपता एक ठिणगी सदऱ्याच्या बाहीत शिरली आणि मनगट भाजलं, त्याच डागाच्या कडेला. उद्या शाळा सुरू होते आहे, ती पोर तिच्या जागेवर बसेल, तिथली मला आता काळजी नाही. हे लिहून झालं की कागद तुझ्या दाभणाच्या डब्यात ठेवीन. पण एवढं कबूल करतो. काल संध्याकाळी बायको मनगटाला भिरंडेल लावत होती. डाग बघून ती म्हणाली, "आयेच्या बाह्यांनी भाजिल्लें, थंयच परत लागलें." आणि मी गप्प बसलो.